चेहऱ्याचा सातबारा

"चेहरा म्हणजे माणसाचा सातबारा असतो," योगेशने जाहीर केले. "काय पेरलं, काय उगवलं, कोणाचा ताबा, कोणाचा बोजा, सगळी नोंद त्याच्यावर असते. फोटोग्राफरनं फक्त उतारा काढायचा!"

"शर्टाच्या गुंड्या खालवर लागल्या तुमच्या," त्याची बायको गीतांजली म्हणाली. "उतारा मंग काढा."

योगेशने गुंड्या सुधारल्या, पण विचार सोडला नाही. अमरावतीत त्याचा स्टुडिओ होता. बारा वर्षांत त्याने चारशे लग्ने टिपली होती आणि त्यातली निम्मी वर्षे "आत्याबाई, मान जराशी इकडं" एवढे एकच वाक्य म्हणण्यात गेली होती. पण आपण मुळात कलावंत आहोत, हा संशय त्याला लहानपणापासून होता. शहरातल्या छायाचित्र मंडळाच्या स्पर्धेत तो पाच वर्षे फोटो पाठवत होता. गेल्या वर्षी विषय होता 'ममता', आणि उत्तेजनार्थ बक्षीस एका शेळीला गेले. त्या रागात त्याने बायकोसमोर शपथ घेतली: पुढच्या वर्षी निवड झाली नाही, तर कलेचे नाव काढणार नाही, आत्याबाईंच्या माना वळवत मरेन. बायकोसमोर शपथ घेऊ नये. ती तिच्या लक्षात राहते.

यंदाचा विषय होता 'माणूस' आणि आज शेवटची तारीख होती.

माणूस मात्र त्याने दिवाळीतच हेरून ठेवला होता. परतवाड्याजवळच्या गावातले त्याचे सासरे वामनराव. निवृत्त पोस्टमन, आता संत्र्याची बाग पाहणारे. आठ दिवसांच्या दाढीची पांढरी खुंटं, मिशा कापसाच्या बोंडासारख्या, कपाळावर आठ्यांचे पाट, अंगात बाह्यांची जुनी बंडी. असा चेहरा देव एका तालुक्यात एकदाच देतो. योगेशने आदल्या दिवशी फोन केला होता.

"मामाजी, उद्या तुमचा फोटो काढायले येऊन राहिलो. फक्त चेहरा."

"चेहराच ना?"

"चेहराच."

"मंग बरं झालं बापा," वामनराव म्हणाले, आणि आवाजात एवढा आनंद होता की योगेशला भरून आले.

गीतांजलीला मागे बसवून आणलेली मोटरसायकल अंगणात शिरली आणि योगेशने ब्रेक दाबायच्या ऐवजी हॉर्न दाबला. समोर भलतेच गृहस्थ उभे होते. दाढी गुळगुळीत, केस काळेकुळकुळीत, मिशा त्याहून काळ्या. अंगात गीतांजलीच्या लग्नात शिवलेला सफारी, गळ्यापर्यंत बंद. मे महिना, ऊन चव्वेचाळीस, आणि त्यात सफारी!

सातबाऱ्यावर कोणीतरी शाईची बाटली उपडी केली होती.

"मामाजी, हे काय केलं?"

"तुमी येणार म्हणून सकाळीच न्हाव्याकडं गेलतो," वामनराव म्हणाले. "कावून? बरोबर नाई लागला का रंग?"

जावई सासऱ्याला काय बोलणार? "छान दिसता," योगेश म्हणाला आणि मनातल्या मनात शेळीची माफी मागितली.

तरी आठ्या शिल्लक होत्या. उतरते ऊन गोठ्यावरून तिरपे येत होते. योगेशने कडुनिंबाखाली खुर्ची मांडली. वामनरावांनी ती उचलून पांढऱ्या भिंतीपाशी नेली.

"इथंच बरं. बसा."

"तुमी बसा मामाजी. मले उभ्यानंच काढा लागते."

"तुमी उभे अन् मी बसू?" वामनरावांनी कानाला हात लावला. "सोयऱ्यायमंदी काय तोंड दाखवू? अवो, जावईबापूले खुर्ची आणा!"

सासूबाई, मनकर्णाबाई, खुर्ची घेऊन आल्या. योगेश बसला, तेव्हा वामनराव बसले. योगेश उठला की तेही उठत. तिसऱ्या उठबशीनंतर योगेशने बसूनच फोटो काढायचे ठरवले. तेवढ्यात चहा आला. चहा संपल्याशिवाय जावयाने काम करायचे नसते. मग सरबत आले, कारण चहाने गरम होते.

"बाबा, थोडंसं हासा ना," गीतांजली म्हणाली.

"कायले? काई झालं का?"

"फोटोत चांगलं दिसते," योगेश म्हणाला.

"नाई नाई. हासायचं नाई," वामनराव ठामपणे म्हणाले, आणि छाती फुगवून, डोळे ताणून, पकडलेल्या आरोपीसारखे समोर पाहू लागले. "दोन्ही कान दिसू राह्यले ना?"

"कान दिसतात."

"मंग झालं. काढा."

योगेशने चाळीस फोटो काढले. चाळीसही एकच होते. त्याने बागेच्या गोष्टी काढल्या, पोस्टाच्या काढल्या. वामनराव ओठ न हलवता "हो" आणि "नाई" म्हणत. आयुष्यात एवढा निरुत्साही माणूस त्याने फक्त नवरदेवांत पाहिला होता. उजेड परतवायला आणलेली सोनेरी चकती त्याने सासूबाईंच्या हाती दिली होती. पाच मिनिटांनी वळून पाहिले, तर तिच्यावर कुरड्या वाळत होत्या.

"कोरं कापड दिसलं म्हनलं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

ऊन निंबाच्या शेंड्यावर गेले. शेवटचा उपाय म्हणून योगेश खालून फोटो घ्यायला जमिनीवर आडवा झाला. वामनराव विंचू चावल्यासारखे उठले.

"अवो, जावई भुईवर झोपले! गादी आणा! उशी आणा!"

"मामाजी, मी झोपलो नाई, काम करून राहिलो!"

"गादीवर करा ना मंग. कोन नाई म्हनते?"

गादी आली. चादरही आली. योगेशने हात जोडले, कॅमेरा उचलला आणि दोघांमध्ये जरा अंतर असलेले बरे, म्हणून डोळा कॅमेऱ्याला लावूनच मागे सरकू लागला. एक पाऊल, दोन पावले, पाच पावले.

सहावे पाऊल गव्हाणीत होते.

तो कडब्यात असा बसला की गुडघे छातीशी आणि बूट आभाळाकडे. चंद्री म्हशीने हा नवा चारा नीट पाहिला, मानेपासून कानापर्यंत जीभ फिरवली आणि त्याच्या डोक्यावरची टोपी हळूच तोंडात घेतली.

"चंद्रे!" मनकर्णाबाई ओरडल्या. "जावई हाये तो!"

पडलेल्या जावयाला हसायचे नसते. वामनरावांनी ते प्राण पणाला लावून पाळले. त्यांनी ओठ आवळले, तर गाल फुगले. गाल दाबले, तर नाक थरथरू लागले. डोळ्यांत पाणी आले आणि कपाळावरच्या एकूण एक आठ्या एकदम जाग्या झाल्या. घामाने मिशांचा रंग ओघळत होता आणि त्याखालून पांढरी मिशी डोकावत होती. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस शिष्टाचाराच्या बांधाआड उभा होता आणि बांध फुटायला आला होता.

योगेशने गव्हाणीतूनच बटण दाबले.

मग वामनराव घरात पळाले आणि दोन मिनिटे आतून भांडी पडल्यासारखा आवाज येत राहिला.

त्या फोटोत सगळे होते. गीतांजलीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला आणि एकही चूक काढली नाही. लग्नाच्या नऊ वर्षांत योगेशला मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी होती. तिने तो मोबाईलवर घेऊन तिथूनच स्पर्धेला पाठवला. योगेशने मानेवरची लाळ पुसली आणि कॅमेरा सासऱ्यांपुढे धरला.

वामनरावांनी चष्मा लावला. पाहिले. चेहरा पडला.

"हा नाई चालत जावईबापू."

"अहो, हाच तर खरा तुमचा चेहरा!"

"म्हणूनच नाई चालत." त्यांनी सफारीच्या खिशातून जुने, चुरगळलेले आधारकार्ड काढले. काळे केस, काळ्या मिशा, ताणलेले डोळे, दोन्ही कान. "पेन्शनसाठी मी जित्ता हाय हे दाखवा लागते. मोबाईल म्हणते, हा मानूस तो नोयच. सेतूवाला म्हणे, याच्यासारखा दिसणारा फोटो आना. गीताच्या मायनंच तुमाले सांगितलं असन असं वाटलं मले. मघापासून मी तसाच बसून राहिलो ना! मिशा केल्या, कान दाखवले, जीव गेला तरी हासलो नाई."

योगेशने कार्ड पाहिले. मग काढलेले चाळीस फोटो पाहिले. नमुना बिनचूक उतरला होता, फक्त त्या चाळिसांत दर वेळी मागे भिंतीलगतच्या दोरीवर सासूबाईंचे लुगडे वाळत होते.

"आता मिशा परत काळ्या करतो, लुगडं काढतो अन् बसतो," वामनराव म्हणाले. मग थोडे घुटमळले. जावयाला दुखवू नये, अशा बेताने त्यांनी आवाज खाली आणला.

"फक्त एक करसान का? कॅमेरा गीताले द्या, अन् तुमी जरा घरात जाऊन बसा. तुमाले पाह्यलं का मले आता हासू येते."