तायाप्पांची गैरहजेरी

आमच्या कुरणवाडीचे तायाप्पा जाधव एकोणीसशे एक्केचाळीस साली वारले, आणि तेव्हापासून त्यांची एकही हजेरी चुकलेली नव्हती. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला ते चावडीवर यायचे, "हाजिर" म्हणायचे, अंगठा उठवायचे आणि पायऱ्या उतरून जायचे. गावात याचं कुणाला नवल नव्हतं. डेअरीवाला त्यांच्यावर घड्याळ लावायचा.

मी रत्नमाला काकडे, कुरणवाडीची पोलीस पाटील. हजेरी मीच घ्यायचे. माझ्या आधी वडील घ्यायचे, त्यांच्या आधी आजोबा, आणि सगळ्यात आधी पणजोबा. पाटीलकीचं वतन गेलं तरी हजेरीबुकं आमच्याच घरात राहिली. आमच्या घरात कामाची टाळाटाळ कुणी केली नाही, हे मी अभिमानानं सांगायचे. आता जरा दमानं सांगते.

इंग्रजांनी एक कायदा केला होता. त्यात काही जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवून टाकल्या. आमच्याकडचे टकारी त्यात आले. टकाऱ्याचं काम काय, तर जात्याला टाकी लावणं. दळून दळून जातं गुळगुळीत झालं की पीठ नीट पडत नाही. मग टकारी यायचा, मांडी घालून बसायचा आणि टाकी-हातोडीनं दगडाला पुन्हा खरखरीत करून द्यायचा. हे काम गावोगाव फिरल्याशिवाय होत नाही, आणि फिरणारा माणूस सरकारच्या डोळ्यांत सलायचा. म्हणून तायाप्पांना चौदा साली हुकूम झाला: पुढील हुकूम होईपर्यंत रोज दोन वेळा हजेरी, दाखल्याशिवाय गाव सोडायचं नाही, आणि घरातलं एक माणूस जामीन. इसम चुकला तर जामीन आत.

तायाप्पा वारले तेव्हा त्यांची बायको यल्लव्वा चावडीवर कळवायला आली. पणजोबा म्हणाले, "मेला म्हणतीस, आणि पळाला असला तर? खात्री पाहिजे. मयत इसमाला समक्ष हजर कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तायाप्पा समक्ष हजर झाले. बायको जामीन होती, काय करतील बिचारे! आता इसम समोर उभा असताना त्याला मयत कसं लिहायचं? पणजोबांनी "हजर" लिहिलं.

बावन्न साली तो कायदा रद्द झाला. सुटकेची यादी जनगणनेवरून केली होती. जनगणनेत तायाप्पा मयत होते, म्हणून यादीत आले नाहीत. हजेरीबुकात ते हजर होते, म्हणून सुटले नाहीत.

जामिनकी यल्लव्वाकडून सुनेकडे आली आणि सुनेकडून नागव्वा मावशीकडे. नागव्वा मावशी तायाप्पांची नात. तिनं आजोबाला जिवंत कधी पाहिलं नाही, पण रोज दोनदा पाहिलं. जामिनानं हजेरीला शेजारी उभं राहायचं असतं. त्यामुळे मावशीनं चव्वेचाळीस वर्षांत एक रात्र गावाबाहेर काढलेली नाही. लेकीचं बाळंतपण झालं तालुक्याला, ही इथं. लेक वारली, तेव्हा सकाळची हजेरी देऊन गेली आणि संध्याकाळच्या हजेरीला परत आली. मी बुकात दोन्ही वेळा "हजर" लिहिलं. ते लिहिताना मला लाज वाटायला पाहिजे होती.

वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मावशी चावडीच्या पायरीवर बसून मला म्हणाली, "पाटलीण, म्या आज हाय, उद्या नाय. माझ्यामागं जामिनकी कुणाच्या नावावर जाती?"

मी बुक बघितलं. "सारिकाच्या."

सारिका तिच्या त्याच वारलेल्या लेकीची मुलगी, जिल्ह्याच्या कोर्टात वकील. मावशी म्हणाली, "त्या पोरीला मी हितं हुबी राहू द्यायची नाय. म्हाताऱ्याला सोडवायचं. म्या जित्ती हाय तवर सोडवायचं."

मी काही हातावर हात धरून बसले नव्हते. तालुक्याला तीनदा लिहिलं होतं. तिन्ही वेळा एकच उत्तर: "संबंधितास समक्ष पाठवावे." सारिकानं ती पत्रं वाचली आणि टेबलावर थाप मारली.

"काकू, सरकार स्वतःच म्हणतंय ना समक्ष पाठवा? मग पाठवू. दावा खापरपणजोबांच्याच नावानं घालते. तुम्ही फक्त दाखला द्या."

दाखल्याचं छापील बुक अजून होतं. इसमाचं नाव, कुठे जाणार, कारण, परत कधी. इसम जिवंत असला पाहिजे असा रकानाच नाही. कारण या रकान्यात मी लिहिलं, "स्वतःची सुटका मागण्याकरिता." परत कधी: संध्याकाळी सातच्या आत.

आम्ही एसटीनं गेलो. कंडक्टरनं तायाप्पांकडे पाहिलं आणि आधार कार्ड मागितलं.

"आधार निघायच्या आधीच वारलेत ते," मावशी म्हणाली.

"मग पंच्याहत्तरच्या वरची सवलत देता येत नाय, आज्जी. कागद लागतो." त्यानं पुन्हा एकदा पाहिलं. "हाफ फाडतो. वयस्कर तर दिसतायत."

कोर्टात पुकारा झाला, "तायाप्पा सायबू जाधव हाजिर है?" आणि तायाप्पा असे खणखणीत "हाजिर" म्हणाले की मागच्या बाकावरचे दोघं उभे राहिले. एवढा सराव त्या इमारतीत दुसऱ्या कुणाला नव्हता.

सरकारी वकील सज्जन होते, पण पगार सरकारचा. त्यांनी तीन मुद्दे मांडले. पहिला, कायदा बावन्न सालीच रद्द झालाय, तेव्हा वादी आपल्या राजीखुशीनं चावडीवर येतो.

सारिकानं विचारलं, "रद्द झाल्याचं वादीला कुणी कळवलं?"

वकिलांनी कागद चाळले. कुणी कळवलं नव्हतं.

दुसरा मुद्दा, दाव्याची मुदत केव्हाच संपलीय. वादीनं फार उशीर केला.

"उशीर?" सारिका म्हणाली आणि मला खूण केली. मी आणि शिपायानं मिळून बत्तीस हजेरीबुकं टेबलावर ठेवली. "बाईसाहेब, एकशे दहा वर्षांत हा माणूस एक मिनिट उशिरा आलेला नाही. कोणतंही पान उघडा."

न्यायाधीशबाईंनी खरंच उघडलं. एक, मग दुसरं, मग मधलंच एखादं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "या वादीला उशिराचा आरोप लावता येणार नाही. पुढे."

तिसरा मुद्दा वकिलांनी जपून ठेवला होता. वादी मयत आहे आणि मयताला हक्क नसतात.

"मग मयताची हजेरी कशी घेतली?" सारिका म्हणाली. "अंगठा चालतो, हक्क चालत नाही? हा कुठला न्याय!"

"सरकारनं एकदा काय ते ठरवावं," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "माणूस हजेरीपुरता हजर आणि न्यायापुरता मयत, असं या कोर्टात चालणार नाही."

मग त्यांनी साक्षीला मला बोलावलं. एक्केचाळीस सालचं पान समोर धरलं. अक्षर कुणाचं?

मोडी वळणाचं, ठसठशीत अक्षर. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवत अक्षरं शिकले होते. मी म्हटलं, "माझ्या पणजोबांचं. त्यांनी हे लिहायला नको होतं. आणि त्यांच्यामागं आम्हीही नको होतं." मावशी माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, आणि तेच जास्त लागलं.

शेवटी न्यायाधीशबाई तायाप्पांकडे वळल्या. "बाबा, तुम्हाला काय पाहिजे?"

इतक्या वर्षांत तायाप्पांना एकाच शब्दाचं काम पडलं होतं. त्यांनी नातीकडे पाहिलं. नात म्हणाली, "सांग की बाबा. आता कोण काय करतंय!"

"टाकी," तायाप्पा म्हणाले.

"बोरवंडीच्या साळूबाईचं जातं निम्मं टाकवलं हुतं. निम्म्यावर धरलं मला. दाखला नव्हता. पोलीस टाकी घिऊन गेलं." ते थांबले. "बाई काय म्हनत आसंल? पैलं पीठ जाडं पडलं आसंल तिचं. काम आर्धं टाकून ग्येला म्हनत आसंल."

सारिका भर कोर्टात रडली. वकिलानं रडू नये असा नियम आहे म्हणे, असू दे.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. तायाप्पा सायबू जाधव यांची हजेरी व त्यांच्या वारसांची जामिनकी रद्द. टाकी-हातोडी परत. मुद्देमालाच्या नोंदीतील "घरफोडीचे हत्यार" हे शब्द खोडून "जात्याची टाकी" असे लिहावे. आणि पूर्वीचा हुकूम समक्ष बजावला असल्याने हा हुकूमही समक्ष बजावावा. त्यासाठी सरकारने कुरणवाडीच्या चावडीवर हजेरीच्या वेळी स्वतः हजर राहावे आणि तशी नोंद त्याच बुकात व्हावी.

त्या सकाळी चावडीसमोर उभं राहायला जागा नव्हती. टकारी वस्तीतली झाडून सगळी माणसं, आसपासच्या गावांतले त्यांचे पाहुणे, हलगीवाले सुद्धा. सरकारतर्फे जिल्हाधिकारी पावणेसातला आले आणि खुर्ची शोधू लागले.

"हजेरीला बसत नाहीत, साहेब," मी म्हटलं. "पायरीखाली, रांगेत."

ते पायरीखाली उभे राहिले. सात वाजले. मी बुक उघडलं, नवीन ओळ घातली आणि मोठ्यानं पुकारलं, "सरकार!"

साहेबांनी घसा खाकरला. "हजर आहे."

"हाजिर म्हनायचं," मागून नागव्वा मावशी म्हणाली.

"हाजिर," सरकार म्हणालं. मी शाईची डबी पुढे केली. साहेबांनी पेन काढलं होतं, ते परत खिशात ठेवलं आणि अंगठा उठवला.

अहो, काय ओरडली माणसं! हलगी अशी कडाडली की वेशीवरची कबुतरं उडाली. मग साहेबांनी हुकूम वाचला, सरकारच्या वतीनं माफी मागितली आणि फडक्यात गुंडाळलेली टाकी-हातोडी दोन्ही हातांनी तायाप्पांना दिली. तायाप्पांनी टाकीच्या धारेवर अंगठा फिरवला, तोच शाईचा अंगठा. "धार ग्येली," एवढंच म्हणाले, आणि टाकी चावडीच्या पायरीवर घासायला बसले. पायरी आमच्या घराण्याची म्हणून मी काही बोलले नाही. धार येईपर्यंत सगळा गाव थांबला.

संध्याकाळी मी सवयीनं बुक घेऊन बसले. मावशीही सवयीनं आली. सात वाजले. सातावर पाच मिनिटं झाली. डेअरीवाला बाहेर येऊन घड्याळ कानाला लावून बघत होता.

"येत न्हाय वाटतं," मावशी म्हणाली.

"येत नाहीत," मी म्हटलं, आणि बत्तीस बुकांत जो शब्द एकदाही नव्हता तो लिहिला: गैरहजर. पूर्वी या शब्दावर वॉरंट निघायचं. मावशीनं ओच्यातनं गुळाचा खडा काढला, निम्मा मला दिला, निम्मा स्वतः खाल्ला. आम्ही दोघी हसत होतो आणि डोळ्यांना पाणी लागलं होतं.

सकाळी बोरवंडीच्या सरपंचबाईंचा फोन आला. त्यांच्या गोठ्याच्या दारात एक जुनं जातं पायरी म्हणून टाकलं होतं. आजेसासू साळूबाईचं. रात्रीतनं कुणीतरी ते सुलटं करून टाकवून ठेवलं होतं.

"आर्धं जुनं, आर्धं नवं," बाई म्हणाल्या. "पण हात फिरवला तर फरक कळत नाही. मूठभर ज्वारी दळून बघितली. पीठ असं मऊ आलंय, काय सांगू! कुणाला निरोप द्यायचा?"

मी मावशीला सांगायला निघाले, तर ती एसटी थांब्यावर उभी. नवं लुगडं, हातात कापडी पिशवी. सारिकाकडे निघाली होती. मी फोनचं सांगितलं. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. तेवढ्यात गाडी आली.

"मावशी, परत कधी येणार?" मी विचारलं.

मावशी गाडीच्या पायरीवर चढली, वळली आणि सगळ्या थांब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्ये तुला कशाला सांगू?"