थोरलेपण उतरले त्याची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न. सांगणारास आठव देवो, ऐकणारास धीर देवो. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी वर्तमान ऐसे जाहले की, तख्ताचे मनी आले, राज्य एक तर थोरही एकच असावा. मग आज्ञापत्रे सुटली आणि कोठील रावळ, कोठील नाईक, अवघ्यांच्या पदव्या उतरवोन सरसकट ‘मुलूखप्रमुख’ हे एकच नाव दिधले, आणि बळी तो कान पिळी म्हणोन सर्वांनी माना डोलाविल्या.

घाटावरील मुलखात मात्र लोकांनी लखमोजींस निवडोन ‘थोरले’ केले होते. त्यांस पदवीचा सोस नव्हता म्हणावे तर खोटे होईल. “थोरले आले” ऐसे कानी पडता हात आपसूक मिशीवर जात असे. परंतु भय निराळेच होते. पणजांचे वेळी तख्ताशी तह जाहला, त्यात एकच कलम मोलाचे होते: “मुलखातील तंटा थोरले तोडितील, तो तख्ताने मोडू नये.” आता थोरलेच न राहिले तर कलम कोठले, आणि मग घरचा तंटा शंभर कोसांवरील कचेरीत, परक्या बोलीत चालणार. या चिंतेने लखमोजींस अन्न गोड लागेना.

पुढे तख्ताचे वकील आले आणि भर चावडीवर बोलिले, “थोरले पद गेले, सबब कलमही गेले. थोरलेपणाचा शिक्का द्यावा.” लखमोजींनी कमरेचा शिक्का चाचपला. तेव्हा चिटणीस निळोपंत, जे एरवी सभेत डुलक्याच घेत, ते तहनामा नाकाशी धरोन उठिले आणि पुसते जाहले, “वकीलसाहेब, ‘तोडितील’ म्हणजे कितीजण?” वकील म्हणाले, “एकच. आदरार्थी तसे लिहितात.” पंत म्हणाले, “तो आदर तर तुम्हीच उतरविला. आता एकास अनेकवचन लागत नाही. मग हे थोरले खरेच अनेक!”

वकिलांनी तहनामा मागोन पुन्हा वाचावयास घेतला. इतक्यात धनगरांची म्हातारी बायजा उठोन म्हणाली, “मग मी बी थोरलीच की!” आणि हशा उसळोन अवघी चावडी उभी राहिली, आणि दोन वाड्यांमधील झऱ्याच्या पाण्याच्या पाळीचा तंटा सात वर्षे कुजत होता, तो सर्वांनी मिळोन वकिलांदेखत तोडिला. मग लखमोजींनी आपले हाते शिक्का चावडीपुढे ठेविला आणि म्हणाले, “मजला खुशाल अरे म्हणा, पण मुलखास अहो म्हणा.” बोलता बोलता डोळे भरोन आले. वकीलही मनाचे वाईट नव्हते. त्यांच्या गावच्या नाईकाचे पदही याच आज्ञेने गेले होते. त्यांनी तख्तास लिहिले, “आज्ञा बजाविली. मुलखात एकटा थोरला कोणी उरला नाही.” यात खोटे अक्षर नाही.

तात्पर्य, पदवी गेली, कलम राहिले. येथोन पुढे आम्हीही लखमोजीस एकवचनी लिहितो, आज्ञा त्याचीच. दुसरे दिवशी लखमोजी चावडीस आला. बायजा सरकोन म्हणाली, “बस रं लखमा.” आणि तो बसला.