चार माणसं, सहा धागे

आमच्या शेजारचे अंबादासमामा कुठंही गेले की आधी माणसं मोजतात. चहाच्या टपरीवर पाच जण दिसले की म्हणतात, "पाच माणसं, दहा धागे." एका लग्नात वधूवर अंतरपाटाशी उभे, आणि मामा मागून मोठ्यानं, "नव्वद माणसं! चार हजार पाच धागे!" भटजी मंगलाष्टक विसरले.

धागा म्हणजे दोन माणसांची जोडी. सगळा जन्म चादरीच्या मागावर गेलेला, त्यांना जगात दुसरं काय दिसणार? निवृत्त झाल्यावर मामा मोबाइलवर बघून बघून प्रोग्रॅम लिहायला शिकले. पडद्यावर गोल, प्रत्येक गोलात एक नाव. कोणतेही दोन गोल दाबले की त्यांच्यात धागा ताणला जातो आणि वरचा आकडा वाढतो.

मी कॉलेजात हेच गणित शिकवतो. म्हणजे सूत्र फळ्यावर लिहितो आणि मोकळा होतो. मामांच्या पडद्यावर पहिल्यांदा चार माणसांचे बारा धागे आले, तेव्हा मी लगेच सूत्र सांगायला लागलो. मामांनी हात आडवा केला. "थांबा मास्तर. नरेशकडनं पद्माकडं एक, पद्माकडनं नरेशकडं एक, असं दोनदा मोजतंय हे येडं. धागा ह्या टोकानं वढा न्हायतर त्या, एकच की!" बाराचे सहा झाले. दुसऱ्या दिवशी मी तो खेळ वर्गात नेला. सूत्राला वर्षभर घाबरणारी पोरं गोल दाबत बसली ती तास संपला तरी उठेनात. मला आनंद झाला, थोडी लाजही वाटली.

नरेश आणि पद्मा ही मामांची मुलं. तिसरा गोल मामांचा स्वतःचा, चौथा मामींचा. मामी दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलं मामांना नाना म्हणतात. मग 'नाना माझ्याकडंच राहणार' यावरून भाऊबहीण इतकी भांडली की बोलणंच बंद. मामा कुठंच गेले नाहीत.

"ती म्हणते त्यानं आदी फोन करावा, त्यो म्हणतो तिनं," मामा एकदा टपरीवर म्हणाले. "एक माणूस गेलं मास्तर, आन् सहाचे दोन राहिले. माझा एक पोराशी, एक पोरीशी." त्या दिवशी त्यांनी तिथली माणसं मोजली नाहीत.

पाडव्याला त्यांनी दोघांनाही बोलावलं, एकमेकांना पत्ता लागू न देता. मी श्रीखंडाची वाटी घेऊन गेलो तर दार उघडं, भाऊबहीण खोलीच्या दोन टोकांना, मध्ये लॅपटॉप. पडद्यावर दोनच गोल होते.

"दाबा," मामा म्हणाले. कुणी हलेना. मी उंबऱ्याबाहेरच थांबलो.

"अरे, पयलं कोण दाबतंय ते ह्याला कळतच न्हाय. मी ते काढूनच टाकलंय की." मामांनी लॅपटॉपवर बोट ठेवलं.

पद्मा उठली आणि तिनं आपला गोल दाबला. नरेश बराच वेळ भिंतीकडं बघत राहिला. मग त्यानं हात पुढं केला. धागा ताणला गेला.

"जेवलीस का?" त्यानं विचारलं. पद्मा रडायलाच लागली.

मामांनी डोळे पुसले, तेव्हा त्यांना दारात मी दिसलो. त्यांचे ओठ हलले, नेहमीसारखे.

"चार माणसं, सहा धागे," ते म्हणाले. "या मास्तर, बसा."