धन्यवाद-कार्डासह परत पाठवावे

सर्व संबंधितांच्या माहितीसाठी नमूद करण्यात येते की, आमच्या घरातील शिलाई मशीनची बॉबिन केस महिन्याच्या अठरा तारखेला सकाळी साडेदहा वाजता मोडली. बॉबिन केस म्हणजे मशीनच्या पोटात खालचा दोरा ज्या लोखंडी डबीत बसतो ती. अंगठ्याएवढी वस्तू, पण ती नसेल तर मशीन म्हणजे नुसतं टेबल.

मशीन बायकोचं. त्या दिवशी त्यावर शाळेच्या गणवेशाचे चाळीस शर्ट शिवायचे होते. शाळा एक तारखेला उघडणार होती आणि मोठ्या बाईंनी बजावलं होतं, यंदा उशीर झाला तर पुढच्या वर्षापासून काम दुसरीकडे.

"अहो," बायको म्हणाली, "दोनच कामं करा. कोपऱ्यावरच्या दुकानातून बॉबिन केस आणा. आणि रोज संध्याकाळी बसून तेवढी बटणं लावून द्या. चाळीस शर्ट, पाच-पाच बटणं. सुई धरली की माझी बोटं दुखतात हल्ली."

"दोनशे बटणं? हात्तिच्या! त्यात काय!" मी म्हणालो आणि चपला घातल्या. घातलेल्या चपला पुन्हा काढल्या, कारण तेवढ्यात मी फोन बघितला. कोपऱ्यावर बॉबिन केस पंचावन्नला मिळते. फोनवर ती पंचेचाळीसला होती.

मी एकतीस वर्षं एका कार्यालयाच्या जावक विभागात काढली आहेत. माझ्या टेबलावरून एकही पत्र चुकीच्या तिकिटानं गेलं नाही. असा माणूस दहा जास्त मोजून बॉबिन केस आणेल, हे शक्यच नव्हतं.

मागवायला गेलो, तर खाली बारीक अक्षरात टपालखर्च: साठ. पंचेचाळीसच्या वस्तूला साठचं टपाल! माझं डोकं सणकलं. पण त्याच्याही खाली आणखी बारीक अक्षरात लिहिलं होतं, पाचशेच्या वर खरेदी केल्यास टपाल फुकट. म्हटलं, हे बरंय. साठ वाचत असतील तर का सोडायचे? मी कपडे वाळत घालायचे एकशे चव्वेचाळीस चिमटे घेतले. मग माशांच्या टाकीत लावायचा थर्मामीटर घेतला. आमच्याकडे मासे नाहीत, टाकीही नाही, पण त्यावर सूट होती. डोकं खाजवायचा तारेचा पंजा घेतला. तरीही पंचेचाळीस कमी पडत होते, म्हणून दार अडवायचं रबरी बदक घेतलं. एकूण पाचशे सात. टपाल शून्य. साठ वाचवल्याच्या आनंदात मी बायकोला हाक मारली.

"बॉबिन केस कधी येणार?" तिनं विचारलं.

"चार दिवसांत. आणि बदकही येतंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि बाहेर गेली. भाजी आणायला गेली असेल, असं मी धरून चाललो.

चौथ्या दिवशी खोका आला. चिमटे मोजून भरले. थर्मामीटर कापसात गुंडाळलेला. पंजा ठणठणीत, बदक हसतमुख. बॉबिन केसच्या जागी मात्र एक छोटं पाकीट होतं आणि त्या पाकिटात एक रंगीत कार्ड. ‘आमची वस्तू निवडल्याबद्दल धन्यवाद! आवडली असल्यास पाच तारे द्या.’ पाकीट मी उलटं करून झटकलं. आतून काहीही पडलं नाही.

मी ताबडतोब तक्रार विभाग उघडला. पडद्यावर अक्षरं उमटली. ‘नमस्कार! मी आपली मदतनीस. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.’

त्रास मी अजून सांगितलाच नव्हता. आधी दिलगिरी, मग तक्रार! आमच्या विभागाला एकतीस वर्षांत हे सुचलं नाही, याचं मला खरोखर वाईट वाटलं.

"ताई, वस्तू आलेली नाही. पैसे परत करा," मी लिहिलं.

‘नक्की! पैसे परत मिळण्यासाठी कृपया वस्तू परत पाठवा.’

"अहो ताई, आलीच नाही ती परत कशी पाठवू?"

‘आपली अडचण मी समजू शकते. परत पाठवण्याचं कारण निवडा: रंग आवडला नाही. आकार लहान. आकार मोठा. विचार बदलला.’

मी बराच वेळ विचार केला. आलेल्या वस्तूचा आकार शून्य होता. तेव्हा ‘आकार लहान’ हेच उत्तर सत्याच्या सर्वांत जवळ जात होतं. मी ते निवडलं. विक्रेत्यानं तासाभरात उत्तर दिलं, ‘आपण ऑर्डर करताना आकार नीट तपासायला हवा होता. तरी आपुलकीपोटी परतीस मान्यता देत आहोत. वस्तू मूळ पाकिटात परत पाठवावी. परतीचा टपालखर्च ग्राहकाचा.’

दुसऱ्या दिवशी रिकामं पाकीट घेऊन मी टपाल कार्यालयात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी ते हातात घेतलं, दाबलं, कानाशी हलवलं.

"काका, आत काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही असं लिहिता येत नाही. रकाना आहे तसा."

"मग रकाना रिकामा सोडा."

"रिकामा सोडला तर संगणक पुढे सरकत नाही."

मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. आम्ही दोघांनी खिडकीला डोकी टेकवून विचारविनिमय केला आणि अखेर रकान्यात लिहिलं, ‘न आलेली बॉबिन केस, नग एक.’

"फुटण्यासारखी आहे का?"

"आता कशी फुटेल, साहेब?"

"नियमानं विचारावं लागतं," असं म्हणून त्यांनी खबरदारी म्हणून ‘सांभाळून हाताळा’चा शिक्का मारला. अर्ध्या किलोच्या आत सगळं एकाच दरात जातं, त्यामुळे शून्य ग्रॅमचे सत्तर झाले. मी पावती जपून ठेवली. काम चोख झाल्याचं समाधान वेगळंच असतं.

घरी येऊन मी तक्रार विभागाला फोन लावला. तिकडून बासरी वाजू लागली आणि ‘आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं एक बाई दर मिनिटाला सांगू लागली. आतल्या खोलीतून मशीनची धडधड येत होती. मला त्या बाई ऐकू येईनात.

"अगं, ते मशीन जरा थांबव ना!" मी ओरडलो. "इथं तुझ्याच मशीनसाठी भांडतोय मी!"

धडधड थांबली. "बटणांना कधी बसताय?" तिनं आतून विचारलं.

"तुला बटणांचं पडलंय! इथं तत्त्वाचा प्रश्न आहे."

थोड्या वेळानं मशीन पुन्हा चालू झालं. या वेळी हळू, माझी गैरसोय होणार नाही अशा बेतानं. बायकोचा समजूतदारपणा पाहून मला बरं वाटलं.

तीन दिवसांनी विक्रेत्याचा निर्णय आला. ‘पाकीट मिळाले. तथापि, तपासणीत परत आलेली वस्तू अपूर्ण आढळली. पाकिटात धन्यवाद-कार्ड नाही. सबब परतीचा अर्ज फेटाळण्यात येत आहे. कार्ड मिळाल्यास फेरविचार करता येईल.’

तुम्हाला खोटं वाटेल, पण क्षणभर माझा ऊर भरून आला. सहपत्र नाही म्हणून अर्ज फेटाळला! मी स्वतः एका विधवाबाईंचा निवृत्तिवेतनाचा अर्ज याच कारणासाठी सात वेळा परत पाठवला होता. आठव्या वेळी त्या आल्याच नाहीत. नियम म्हणजे नियम. विक्रेता जातिवंत होता.

पण कार्ड कुठे गेलं? मी घर पालथं घातलं. ते सापडलं मशीनच्या डाव्या पायाखाली. मशीन डुगडुगतं म्हणून बायकोनं चार घड्या घालून तिथं सरकवलं होतं. मी जमिनीवर बसलो आणि ते उपटून काढलं. वर बायको कॉलर शिवत होती. टीप वाकडी गेली.

"अहो! काय करताय हे?"

"पुरावा आहे हा! पायाखाली काय घालतेस?"

"मग मी आता पायाखाली काय घालू?"

मी उदार मनानं तिला बदक दिलं.

कार्डाला इस्त्री केली. टपाल कार्यालयात या वेळी रकाना चटकन भरला, ‘धन्यवाद, नग एक.’ पुन्हा सत्तर. मग रोज सकाळ-संध्याकाळ मी फोनवर बसून होतो. जेवणाचं ताट समोर येत होतं आणि उचललं जात होतं. बायकोच्या मधल्या बोटाला कसलीतरी पट्टी दिसली, पण तेव्हा बासरी चालू होती, विचारायचं राहून गेलं.

तीस तारखेला संध्याकाळी निकाल लागला. ‘अभिनंदन! आपली तक्रार मान्य झाली आहे. आपल्या खात्यात पंचेचाळीस गुण जमा केले आहेत. गुण पाचशेच्या वरच्या खरेदीवरच वापरता येतील. टपालखर्च परत मिळत नाही.’

मी जिंकलो होतो! टुणकन उडी मारून आतल्या खोलीत गेलो. "अगं ऐकलंस का? झुकवलं त्यांना! पाणी पाजलं! आता तुझी बॉबिन केस..."

पलंगावर शर्टांची चळत होती. चाळीस, घड्या घातलेले, एकेकाला पाच बटणं. बायको शेवटच्या शर्टाचा दोरा दातांनी तोडत होती. उजव्या हाताच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या.

"हे... हे कसे झाले?"

"मशीनवर."

"पण बॉबिन केस..."

"पहिल्याच दिवशी आणली. तुम्ही बदक मागवलंत ना, तेव्हा कोपऱ्यावर गेले आणि घेऊन आले. पंचावन्नला."

बारा दिवस ऐकलेली ती धडधड आत्ता माझ्या कानात वाजली. "मग सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगितलं. तुम्ही होल्डवर होतात." तिनं शर्ट चळतीवर ठेवला. "बॉबिन केस काय, दुकानात मिळते हो. बटणं लावणारा माणूस कुठे मिळतो का, तेवढं बघा तुमच्या त्या फोनवर."

तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. मला लाज वाटली. अगदी मनापासून, कानशिलं तापेपर्यंत. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच वाटलं की आपल्या हातून काहीतरी पाठवायचं राहिलं, आणि आता त्याची मुदत संपली.

"थांब," मी म्हणालो, "तुझ्यासाठी अंगुस्तान आणतो. बोटात घालायची धातूची टोपी. सुई टोचणारच नाही."

"आणा," ती म्हणाली. "कोपऱ्यावर आहे. वीसला."

मी चपला घातल्या. दारापर्यंत गेलो. सहज फोन बघितला. तिथं अंगुस्तान पंधराला होतं. शिवाय माझे पंचेचाळीस गुण पडून होते, ते वापरले तर फुकटच! फक्त पाचशेच्या वर जायला थोडी भर घालावी लागणार होती. मी चपला काढल्या.

आता तुम्ही हसाल. जरूर हसा. फक्त हसण्याआधी घरात एक चक्कर मारा आणि टपाल फुकट व्हावं म्हणून घेतलेली ती वस्तू कुठे ठेवली आहे, तेवढं आठवून ठेवा. आणि हो, माझ्याकडे माशांच्या टाकीचा एक कोरा करकरीत थर्मामीटर आहे. तुम्हाला अगदी फुकट देतो.

टपालखर्च तेवढा तुमचा.