महिपतीची घोंगडी

कॉलेजच्या मैदानातल्या सौरदिव्याचं उद्‌घाटन दुपारी बाराला ठरलं, कारण पाहुण्यांना अंधार पडायच्या आत घाट चढायचा होता.

दिवा विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून आला होता. वर्गणी गोळा करणाऱ्या अनिशने मुलींच्या वसतिगृहात शब्द दिला होता, "लाइट गेली तरी परीक्षेचा अभ्यास या दिव्याखाली होणार." अडचण एकच होती. दिवा अंधार पडल्यावर आपोआप लागायचा, आणि पोलादपुरात दुपारी बाराला अंधार पडत नाही.

"ह्याला रात झाली असं वाटलं पायजे," शिपाई महिपती म्हणाला. शिडी लावून त्याने दिव्याच्या सौर पॅनेलवर आपली घोंगडी टाकली. दिवा लागला. भर उन्हात तो लागलाय हे कळेना, म्हणून मागे काळी छत्री धरावी लागली. मग टाळ्या पडल्या.

पेपरात फोटो आला. तालुक्याचे साहेब आले, दोन शाळांच्या सहली आल्या, महाडच्या औद्योगिक वसाहतीतले एक मॅनेजर जेवणाच्या सुट्टीत येऊन गेले. सगळे दिवसाच. प्राचार्य यज्ञेश्वर सर खिडकीतून हाक मारायचे, "महिपती, रात्र कर."

शिडीचा कंटाळा आल्यावर महिपतीने घोंगडी वरच राहू दिली. दिवा दिवसभर जळला, अंधार पडेपर्यंत त्याची बॅटरी संपली, आणि घोंगडीखाली ऊन मिळेना म्हणून ती पुन्हा भरलीच नाही.

"अनिश, परीक्षा सोमवारी आहे," वसतिगृहातली वैदेही म्हणाली. "कंदील घेऊन येऊ का, तुझा दिवा बघायला?"

अनिशने सरांना गाठलं. सरांनी स्वतः मैदानात येऊन काळोख पाहिला.

"महिपती, रात्र कर."

"सर, रात झालीच हाय. अजून किती करू?"

सर अनिशकडे वळले. "शनिवारी विद्यापीठाची समिती येतेय. तेव्हा लागला नाही, तर अनिश, तुझं काही खरं नाही."

दुसऱ्या दिवशी घोंगडी गायब झाली. शनिवारी महिपतीने पॅनेलवर टाकायला सरांचा कोट मागितला. सरांनी दिला नाही. समिती दिव्याकडे बघत राहिली.

"बंदच आहे," अध्यक्ष म्हणाले आणि घाटाकडे निघाले.

संध्याकाळी लाइट गेली. अनिशला झापत झापत सर मैदानात आले आणि थांबले. दिवा लख्ख लागला होता. खाली वैदेही आणि चार मुली पुस्तकं उघडून बसल्या होत्या. ऐसपैस, घोंगडीवर.

"गो पोरी, ही तर माजी हाय," महिपती म्हणाला.

"हो काका, परीक्षा झाली की देते." वैदेहीने मान वर केली नाही. "सर, जरा बाजूला व्हा ना. उजेड अडतोय."

सर बाजूला झाले.