बाण खाली, उजेड वर

प्रकाश या विषयावर माझ्याशी कुणी वाद घालू नये! बावीस वर्षं मी शाळेत हा धडा शिकवतोय. परावर्तन, अपवर्तन, भिंगातली उलटी प्रतिमा, सगळं झोपेतसुद्धा फळ्यावर काढून दाखवीन. त्यामुळे सासऱ्यांच्या जुन्या मोटारीला पुढचे दिवे बसवायची वेळ आली, तेव्हा ते काम दुसऱ्या कुणाला द्यायचा प्रश्नच नव्हता.

ही मोटार सासऱ्यांनी तरुणपणी घेतलेली. पुढे पंधरा वर्षं ती ताडपत्रीखाली पडून होती. गेली दोन वर्षं माझे सगळे रविवार तिच्यात गेले. पत्रा, इंजिन, गाद्या, सगळं पूर्वीसारखं करून घेतलं. मध्ये कुणीतरी तिला निळसर झगझगीत दिवे लावून ठेवले होते. ते काढून मूळ पद्धतीचे गोल काचेचे दिवे बसवायचे, एवढंच उरलं होतं. रविवारी जुन्या गाड्यांच्या मंडळाचे परीक्षक तपासणीला येणार होते आणि सासऱ्यांनी अट घातली होती.

"पास झाली तर गाडी तुमची, जावईबापू. नापास झाली तर हॉटेलवाल्याला देऊन टाकतो. तो ती दारात उभी करून डिकीत फुलझाडं लावणार आहे."

डिकीत फुलझाडं! ज्या डिकीचा गंज मी हातांनी घासून काढला, तिच्यात शेणखत! मला ती गाडी हवी होती. पन्नाशीच्या माणसाला शोभणार नाही इतकी हवी होती.

गुरुवारी इलेक्ट्रिशियन वायरी जोडून गेला. जाता जाता म्हणाला, "सर, काचेच्या काठावर बारीक बाण आहे बघा. तो वर ठेवा."

मी हसलो. "भिंगातून प्रतिमा कशी दिसते?"

"ते मला नाही माहीत, सर."

"उलटी! म्हणजे कारखान्यातल्याचं वर ते आपलं खाली. बाण खाली हवा!"

"पण सर, आम्ही आजवर वरच ठेवत आलोय."

"म्हणून तर तुम्ही इलेक्ट्रिशियन आहात आणि मी शिक्षक!"

हे वाक्य आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात. पण त्या दिवशी मी दोन्ही काचा बाण खाली करून बसवल्या आणि शीळ वाजवत हात धुतले.

आता दिव्यांचा रोख जुळवायचा होता. गाडीबरोबर आलेल्या जुन्या पुस्तिकेत रीत दिली होती. गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करायची, भिंतीवर दिव्यांच्या उंचीला दोन फुल्या काढायच्या, आणि डिपरचा, म्हणजे खालच्या झोताचा, उजेड त्या फुल्यांच्या खाली पडला की झालं. आमच्या फाटकासमोर बरोबर तेवढ्या अंतरावर समोरच्या काकांची कुंपणभिंत आहे. काका नगरपालिकेच्या मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. ते घरात असताना मी टेप धरून लाल खडूने दोन ठसठशीत फुल्या काढल्या आणि दिवेलागणीला डिपर लावला.

उजेड फुल्यांच्या खाली पडला नाही. फुल्यांवर पडला नाही. भिंतीवरच पडला नाही! तो थेट काकांच्या माडीवरच्या खिडकीत गेला. काका आरशासमोर मिशा कातरत होते. ते कात्री हातात धरून तसेच गोठले. मी झटकन दिवे बंद केले.

मग रोख बदलायचे स्क्रू शेवटापर्यंत पिळले, तरी उजेड भिंतीच्या वरच. बायको फाटकातून म्हणाली, "अहो, काच उलटी तर नाही ना बसली?"

"गाडी रिकामी आहे म्हणून तिचं नाक वर आहे," मी समजावलं. "तुझे बाबा पुढे बसले की आपोआप खाली येईल." सासऱ्यांचं वजन पंच्याण्णव किलो आहे, त्यामुळे मला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घणांच्या आवाजाने जाग आली. बाहेर जाऊन बघतो तर दोन मजूर काकांची भिंत पाडतायत!

"काका, अहो हे काय?"

काकांनी मला बाजूला घेतलं. अर्धी मिशी तशीच होती. "कुणाला बोलू नका. भिंत दोन फूट रस्त्यावर आलीय माझी. नोकरीत असताना मीच नकाशावरची रेघ सरकवली होती. काल खात्याने खुणा केल्या. अगदी एका उंचीवर, मोजून! आणि संध्याकाळी सर्चलाइट टाकून घराचीसुद्धा पाहणी केली!"

मी तोंड उघडलं. खरं सांगितलं असतं तर भिंत वाचली असती. पण काकांनी रस्त्यातच माझं जे केलं असतं ते परीक्षकांच्या कानावर गेलं असतं. मी मूग गिळून बसलो. मला लाज वाटली, नाही असं नाही. शनिवारी दुपारी तिथे भिंत नव्हती.

रविवारी संध्याकाळी परीक्षक आले. बारीक, अबोल गृहस्थ. हातात पाटी आणि कागद. त्यांनी इंजिन ऐकलं, गाद्या दाबल्या, आणि म्हणाले, "छान. आता दिवे. भिंत कुठे आहे?"

भिंतीऐवजी बायकोने आणि सासूबाईंनी पांढरी चादर ताणून धरली. सासरे पुढच्या सीटवर बसले. गाडी कण्हली, पण नाक तसूभरही खाली आलं नाही. मी डिपर लावला. चादर काळोखातच राहिली आणि काकांची माडी लखलखली!

काका धावत खाली आले. समोर पाटीवर लिहिणारा अनोळखी माणूस बघून त्यांची पाचावर धारण बसली. "साहेब, तुमच्या लाल फुल्या बघून दोन फूट बाहेर आलेली भिंत पाडली ना मी! आता माडीपण?"

"कसली माडी?" परीक्षक म्हणाले. "मी दिवे बघायला आलोय. फुल्या तर दिव्यांसाठी काढतात."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी टायर बघत होतो. काका काही म्हणजे काहीच बोलू शकत नव्हते, कारण भिंत दोन फूट बाहेर होती हे आता त्यांनीच सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं होतं.

परीक्षक वाकले. काचेवर बोट ठेवून माझ्याकडे वळले. "बाण खाली कुणी केला?"

मी हात उंचावून प्रतिमा, भिंग, कारखान्याची बाजू, सगळं घडाघडा समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे असलं शाळेत शिकवलं कुणी तुम्हाला?"

"ते स्वतःच शाळेत शिकवतात," गाडीतून सासऱ्यांचा आवाज आला.

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने सात मिनिटांत काचा फिरवल्या, रोख जुळवला, आणि माझ्याकडे चुकूनही बघितलं नाही. त्याचा तो मोठेपणा मला फार लागला. उजेड चादरीच्या बरोबर मधोमध पडला आणि परीक्षकांनी कागदावर सही केली. गाडी पास!

मी हात पुढे केला. सासरे कष्टाने खाली उतरले आणि किल्ली माझ्या हातावरून पलीकडे नेत बायकोला दिली.

"गाडी तुझी," ते म्हणाले. "यांना फिरवून आण कधीतरी."

आणते ती. मी मागे बसतो.