साळवेनाना जामीन आहेत

लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने नुसतं "मठ्ठा आंबट नाही ना?" असं विचारायचा अवकाश, साळवेनाना घोटही न घेता सांगायचे, "नाय. मी जामीन. लिहून घ्या." मठ्ठा आंबट निघाला, तर ते निमूटपणे आपल्या पानातली जिलबी उचलून त्या माणसाच्या पानात ठेवायचे. शब्द मोडला की जामीनदाराने दंड भरायचा, एवढं साधं त्यांचं शास्त्र होतं.

सातपूर रस्त्यावरच्या आमच्या कॉलनीत नाना माझे भिंतीला भिंत लागून शेजारी होते. नगरपालिकेत व्हॉल्व्हमन म्हणून निवृत्त झालेले. सायकलला ती लांब दांड्याची चावी बांधून त्यांनी जन्मभर नाशिकच्या पेठांना पाणी सोडलं होतं. "आधी पाणी सोडायचो," ते म्हणायचे, "आता माणसं सोडवतो."

कशाकशाला जामीन राहायचे हो! शिंपी दिवाळीच्या आत सदरे देईल, याला नाना जामीन. आमच्या पुतणीला सांगून आलेला मुलगा पीत नाही, यालाही नाना जामीन. मात्र ते जामीन राहण्याआधी मालाची खात्री करून घ्यायचे. त्या मुलाच्या गल्लीतल्या टपरीवर ते आठवडाभर संध्याकाळी बसून आले आणि मग मला म्हणाले, "पोरगा निर्मळ हाय. बाप पितो. पण लग्न बापाशी नाय."

खरा शौक कोर्टाचा. गाडीवाला, रिक्षावाला, मारामारीत नाहक सापडलेला कुणी, ज्याच्यासाठी उभं राहायला कुणी नसेल त्याच्यासाठी नाना उभे. निफाडकडे त्यांची थोडी द्राक्षबाग होती, तिचा सात-बारा प्लॅस्टिकच्या पिशवीत कायम सायकलच्या हँडलला. पैसे तर सोडाच, सुटलेल्या माणसाकडून ते चहासुद्धा घ्यायचे नाहीत. "चहा घेतला की फी झाली. फी झाली की मी धंदेवाईक." तारखेच्या दिवशी आरोपी हजर नसला, तर सायकल काढून त्याला शोधून आणायचे. एकाला सिनेमाच्या रांगेतून कॉलर धरून आणलं होतं. म्हणाले, "आधी कोर्ट, मग मॅटिनी."

एकदा मी त्यांना चिडवलं, "नाना, हा काय नाद लावून घेतलात?"

नाना हसले नाहीत. भिंतीवरच्या फोटोकडे पाहत म्हणाले, "खैरनार, माझा बाप चावडीवर साक्ष द्यायला गेला, तर त्याला पायरीखाली उभा केला. त्याचं बोलणं कुणी लिहूनच घेतलं नाय. आता मी कोर्टात म्हणतो, 'हा माणूस तारखेला येईल', आणि जज ते लिहून घेतो. साळव्याचा शब्द! घटना-घटना म्हणतात ती मला विचाराल तर एवढीच."

त्या दिवसापासून मी चिडवणं बंद केलं. म्हणजे, त्या विषयावरून तरी.

आणीबाणीत एका शिक्षकाला मिसाखाली उचललं, तेव्हा नाना सात-बारा घेऊन नाशिकरोडच्या तुरुंगाच्या फाटकावर जाऊन उभे राहिले. यात जामीन नसतो, आणीबाणी आहे, असं सांगून त्यांना घालवलं. ते परत आले आणि म्हणाले, "ठीक हाय. संपेल तेव्हा बघू." ती संपली, आणि त्यांना वाटलं, असला कायदा पुन्हा काही यायचा नाही. याला मात्र ते जामीन राहिले नव्हते, हे त्यांचं नशीब.

कारण पुढे टाडा आला. अतिरेक्यांसाठी केलेला कायदा. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली पुरावा धरायची, आरोपपत्राशिवाय वर्षभर आत ठेवायचं, आणि जामीन जवळजवळ नाहीच. वर्तमानपत्रात वाचून आम्ही मान हलवली आणि पान उलटून क्रिकेटकडे वळलो. आमच्या कॉलनीत कोण अतिरेकी!

मागच्या गल्लीतला विलास निघाला. कारखान्यात फिटर, युनियनचा उत्साही कार्यकर्ता. संपाच्या गेट-सभेत तो म्हणाला, "पगारवाढ दिली नाही तर मालकाची झोप उडवू!" पोलिसांच्या अहवालात आलं, "मालकाला उडवू." आणि फिटरच्या घरात तारा, पाइपांचे तुकडे, जुन्या बॅटऱ्या सापडल्या. फिटरच्या घरात काय वीणा सापडणार?

"वाक्यातली झोप कुठं गेली?" मी नानांना विचारलं.

"लिहिणाऱ्याला लागली असेल," नाना म्हणाले, आणि पिशवी घेऊन निघाले. जाताना विलासच्या बायकोला दारातून सांगून गेले, "चार दिवसांत घरी आणतो. मी जामीन." ती बाळाला कडेवर घेऊन उभी होती. तिने मान हलवली. नानांचा शब्द होता ना.

खास कोर्टात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. जज सभ्य होते. म्हणाले, "आजोबा, या कायद्यात आम्ही असा जामीन देऊ शकत नाही."

"साहेब, कायद्याला कोण जामीन राहतंय? मी माणसाला राहतोय."

"तुमच्या शब्दाचा इथे उपयोग नाही."

विलासच्या वकिलाने सदरा ओढून त्यांना खाली बसवलं. परतीच्या वाटेवर नानांनी सायकल हातात धरून चालत आणली, चढले नाहीत. विलासच्या गल्लीवरून न जाता लांबून आले.

मला वाटलं, म्हातारा खचला. पण सोमवारी सकाळी इस्त्रीचा सदरा, टोपी, छत्री अशा थाटात नाना पोलीस ठाण्यात हजर. ठाणे अंमलदार होते हवालदार बागूल, सटाण्याकडचे, मध्येच अहिराणीत घसरणारे, मोठ्या मिशांचे.

"हजेरी लावायला आलो," नाना म्हणाले.

"कोणत्या केसमध्ये?"

"विलासच्या. जामिनावर सुटला की दर सोमवारी हजेरी असते ना?"

"नाना, तो आत शे!"

"म्हणून तर मी आलो. बाहेर असता तर तोच आला असता."

"अहो, पण जामीन झालेलाच नाही!"

"माझ्या बाजूनं झालाय. कोर्टाच्या बाजूनं राहिलाय."

"तुमचं नाव कुठल्या वहीत लिहू मी?"

"मग तोंडी घ्या. म्हणा, साळवे."

बागूलांनी इकडेतिकडे पाहिलं. साहेब नव्हते. "साळवे," ते हळूच म्हणाले.

"हजर! आणि या कायद्याला माझा विरोध आहे." नाना वळले आणि घरी आले.

पुढच्या सोमवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. साहेबांनी एकदा दमात घेतलं, "आत टाकू का?" नाना म्हणाले, "टाका. पण जामीन मिळणाऱ्या कायद्यात टाका." साहेबांना हसू आवरेना. पावसाळा गेला, थंडी आली, नानांचा सोमवार चुकला नाही. गावात या कायद्याच्या विरोधात सभा होऊ लागल्या, तिथे मोठे वकील तास-तास बोलत. नाना दोन मिनिटं घेत. "बॉम्ब टाकणाऱ्याला मी जामीन राहणार नाय. धरा त्याला. पण टाकला कुणी, ते कोर्टानं ठरवायचं. इथं पोलीस आधी ठरवतात आणि कोर्ट वर्षानं विचारतं. व्हॉल्व्ह उलटा बसवला की नळाला पाणी येत नाय, नुसता फुसफुस आवाज येतो." टाळ्या नानांनाच जास्त पडत. वकील मंडळी नाराज.

विलास सुटला. पुराव्याअभावी, पुष्कळ उशिरा. तोवर बाळ चालायला लागलं होतं आणि बापाला बघून आईच्या मागे लपलं. ते नंतरचं. मला सांगायचाय तो सोमवार त्याच्या आधीचा.

त्या सकाळी शेजारून धप्प आवाज आला. जाऊन बघतो तर नाना अंगात फणफणता ताप घेऊन जमिनीवर, एका पायात चप्पल. मी आणि माझी बायको सुमन, दोघांनी मिळून त्यांना पलंगावर ठेवलं. ते पुन्हा उठू लागले.

"नाना, गप पडा. एक सोमवार नाही गेलात तर काय बिघडतंय?"

"हजेरी चुकली की जामीन रद्द होतो, खैरनार! पोराचा जामीन रद्द होईल!"

जो मिळालाच नव्हता, तो जामीन. नाना इतके सोमवार तो एकट्याने सांभाळत होते. सुमनने कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी ठेवली, तर घडीखालून दोन्ही डोळे वाहत होते.

दुपारी कॉलनीच्या फाटकाशी खाकी कपडा दिसला आणि धावपळ उडाली. 'नानांना न्यायला आले!' बायका कामं टाकून बाहेर आल्या. सुमन सगळ्यांच्या पुढे, कणकेच्या हातांनी नानांच्या दारात आडवी. वर्षभर नानांचं ऐकून कॉलनी कायद्यात पक्की झाली होती.

"वॉरंट आहे का?" सुमन कडाडली.

"मोसंबी आहेत, ताई," हवालदार बागूल म्हणाले आणि पिशवी पुढे केली.

ते आत आले, टोपी काढली, पलंगाजवळ उभे राहिले. नानांनी घाबरून उठायचा प्रयत्न केला. बागूलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, घसा खाकरला आणि ठाण्यात कधी काढला नसेल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "साळवे!"

"हजर," नाना म्हणाले. मग दम घेऊन, "कायद्याला विरोध आहे."

"ऐकला," बागूल म्हणाले. ते घटकाभर बसले. एकच ताट, एकच पेला, एकच उशी, त्यांची नजर घरभर फिरली. "घरात दुसरं कोणी?" त्यांनी मला हळूच विचारलं. बाई लग्नानंतर दोन वर्षांत गेल्या, मूल नाही, असं मी सांगितलं. मान हलवून ते निघाले.

संध्याकाळी ताप उतरला. सुमन भात ठेवून गेली. मीही निघालो, तर नाना भिंतीकडे तोंड करून बोलू लागले.

"खैरनार, तारखेला मी किती जणांना शोधत फिरलो. झोपडपट्ट्या, गुत्ते, सासुरवाडी. शोधून आणलं की बरं वाटतं माणसाला, मी बघितलंय. तोंडावरनं शिव्या देतात, पण आतनं बरं वाटतं."

"खरंय, नाना."

"मला शोधत मात्र आजवर कुणी आलं नव्हतं." ते कुशीवर माझ्याकडे वळले. "आणि आले कोण, तर पोलीस!"

ते हसले. मीही हसलो. नानांचं हसणं मग चादरीत गेलं, आणि चादर बराच वेळ हलत राहिली.

मी उघडलेलं दार परत लावलं आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून घेतली.